दर पावसाळ्यात घोड्याचं यकृत बिघडतंय? औषधाआधी चंदीची कोठी उघडा

जुलैच्या मध्यावर सुरुवात होते. घोडा गवत खातो, पण चंदी, म्हणजे दाणा-पेंडीचं खाद्य, अर्धी टाकतो. अंगावरची चकाकी उतरते, फेरी मारताना लवकर दमतो, खरारा करताना चिडतो. रक्त तपासलं की जीजीटी हे यकृताचं एन्झाइम वाढलेलं येतं. यकृताचं औषध सुरू होतं, तीन-चार आठवड्यांत घोडा सावरतो, आणि गणपती उठेपर्यंत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

असं वर्षामागून वर्ष होत असेल तर दोष बहुतेक वेळा घोड्यात नसतो, तो कोठीत असतो. घोड्यावर उपचार चालू असतात आणि विष रोज सकाळ-संध्याकाळ गव्हाणीत पडत असतं. शर्यतीचे बरेच घोडे पावसाळ्यात पुण्याला जातात. मुंबईत मागे राहतात ते सवारी शिकवणाऱ्या क्लबांचे, वरातीचे, चौपाटीवरचे घोडे आणि वर डोंगरावर माथेरानचे. सांताक्रूझला जून ते सप्टेंबर सरासरी २,००० मिमीहून जास्त पाऊस पडतो, आणि या घोड्यांची चंदी त्याच हवेत सादळत असते.

आधी एवढं बघा: थांबायला वेळ आहे का?

घोडा भिंतीला डोकं दाबून उभा असेल, एकाच दिशेने गोल फिरत असेल, पाय अडखळत असतील, दिसत नसल्यासारखा वस्तूंवर आदळत असेल, ओठ लोंबत असेल, घास गिळता येत नसेल किंवा सारख्या जांभया देत असेल तर पुढचं वाचत बसू नका. पशुवैद्यांना बोलवा. मक्यातल्या फ्युमोनिसिन नावाच्या बुरशीविषाने घोड्याच्या मेंदूतला पांढरा भाग मऊ पडून विरघळत जातो. लक्षणं दिसायला लागल्यापासून काही तासांत, फार तर दोन-तीन दिवसांत घोडा जाऊ शकतो, आणि त्यावर उतारा नाही. यकृत पार थकल्यावर रक्तात अमोनिया साठतो, तेव्हाही वागणं असंच बिघडतं.

डॉक्टर येईपर्यंत सगळी चंदी बंद करा. घोडा मोकळ्या, मऊ अंथरूण असलेल्या खणात ठेवा, बादल्या आणि टोकदार वस्तू काढून घ्या. नळीने किंवा बाटलीने काहीही पाजू नका. गिळता येत नसलेल्या घोड्याच्या फुप्फुसात ते जातं. आणि तोंडात हात घालू नका. मुंबईत भटकी कुत्री आहेत, मेंदूची लक्षणं असलेल्या प्रत्येक जनावरात रेबीजचा विचार करावाच लागतो. मोतद्दाराला, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्याला, हातमोजे द्या.

डोळे पिवळे म्हणजे यकृतच, असं नाही

घोड्याची एक गोष्ट इतर जनावरांपेक्षा वेगळी आहे: तो एक-दोन दिवस नीट जेवला नाही तरी डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या पिवळसर दिसतात. उपाशी घोड्याचं बिलिरुबिन वाढतं, यकृत ठणठणीत असलं तरी. त्यामुळे पोटदुखीने जेवण सोडलेल्या घोड्याला कावीळ समजून औषध देण्याची चूक वारंवार होते. प्रयोगशाळेला एकूण बिलिरुबिनसोबत डायरेक्ट बिलिरुबिनही मागा. उपाशीपणाची कावीळ जवळपास सगळी इनडायरेक्टमध्ये असते. डायरेक्टचा वाटा एकूणाच्या पाव हिश्श्याच्या वर गेला तर यकृताकडे किंवा पित्तनलिकांकडे बघायला हवं.

पिवळेपणासोबत ताप असेल तर गोचिडांमुळे होणारा पायरोप्लाझ्मोसिस आधी तपासायचा. येऊन-जाऊन ताप, पोटाखाली आणि पायांना सूज, खंगणं असेल तर पावसाळ्यातल्या गोमाशांमुळे पसरणारा सर्रा. दोन्हींसाठी रक्ताचा थेंब काचेवर पसरून तपासावा लागतो, आणि दोन्हींचं औषध वेगळं आहे. त्यांच्यावर यकृताचं टॉनिक देणं म्हणजे आठवडा वाया घालवणं.

रक्ततपासणीची यादी डॉक्टरांसोबत बसून अशी ठरवा: जीजीटी, जीएलडीएच, एएसटी, सीके, पित्ताम्लं म्हणजे बाइल अ‍ॅसिड्स, बिलिरुबिनचे दोन्ही आकडे, अल्ब्युमिन. जीएलडीएच यकृताचं एन्झाइम आहे, सीके स्नायूंचं. एएसटी यकृतातही असतं आणि स्नायूंतही, म्हणून ते सीकेच्या जोडीनेच वाचायचं. सीकेही वाढलं असेल तर कालच्या मेहनतीचा संशय घ्या. माणसांच्या आणि कुत्र्यांच्या अहवालात ज्याच्यावर भर असतो ते एएलटी घोड्यात यकृताबद्दल फारसं सांगत नाही. त्यावर पैसे घालवू नका. यकृताची काम करण्याची ताकद कळते ती पित्ताम्लांवरून. घोड्याला पित्ताशय नसतं, त्यामुळे जेवणाआधी-जेवणानंतर असे दोन नमुने घ्यायची गरज नाही. आकडा लिटरमागे २० मायक्रोमोलच्या वर गेला आणि घोडा उपाशी नसेल तर तो गांभीर्याने घ्या. एक सूचना सवारीवाल्यांसाठी: जास्त मेहनत घेतलेल्या घोड्यातही जीजीटी एकटंच थोडं चढलेलं दिसतं, म्हणून फक्त त्या एका आकड्यावर निदान करू नका.

हे सगळं वेळीच करायचं कारण असं की यकृताचा साठ-सत्तर टक्क्यांहून जास्त भाग निकामी होईपर्यंत घोडा बाहेरून आजारी दिसतच नाही. गोऱ्या नाकाचा, पांढऱ्या पायांचा घोडा नेमक्या पांढऱ्या भागावरच भाजल्यासारखा सोलवटायला लागला तर ती सवड संपत आल्याची खूण आहे. हिरव्या चाऱ्यातल्या क्लोरोफिलपासून पोटात बनणारा एक पदार्थ यकृताला बाहेर टाकता येत नाही आणि ऊन लागलं की कातडी जळते.

चंदीवर संशय घ्यायचा की नाही, हे ठरवणारी एक चाचणी

आजारी घोड्याचं रक्त काढाल त्याच दिवशी त्याच पिंपातलं खाणाऱ्या, धडधाकट दिसणाऱ्या दोन-तीन घोड्यांचंही रक्त काढा. सगळ्या तपासांत हाच सर्वात उपयोगी आहे आणि नेमका हाच खर्च वाचवण्यासाठी टाळला जातो. त्यांचंही जीजीटी, जीएलडीएच वर असेल तर कारण सामाईक आहे: चंदी, गवत किंवा अंथरूण. एकट्याचंच वाढलं असेल तर त्याच्या औषधांची, लोहाच्या टॉनिकांची, आजारांची उलटतपासणी करा.

विष कशात असतं

मका हा पहिला संशयित. उभ्या पिकात कणसावर फ्युझेरियम बुरशी लागते आणि फ्युमोनिसिन शेतातूनच येतं. साठवणीत अ‍ॅस्परजिलस वाढते आणि अफ्लाटॉक्सिन तयार होतं. फ्युमोनिसिनचा शोध १९८८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत लागला आणि मोठ्या प्राण्यांमध्ये घोडा त्याला सर्वात जास्त बळी पडतो. म्हणूनच गुरं पचवतात तो मका घोड्याला मारू शकतो. फुटका दाणा, चुरा आणि तळाची धूळ यांत विष एकवटलेलं असतं. ‘मक्याचा भरडा स्वस्त पडतो’ हे खरं आहे, पण भरड्यात कुठले दाणे दळले गेले ते बघायला उरत नाही. घोड्याला मका द्यायचाच तर अख्खा घ्या, चाळा, निवडा आणि मग घरी भरडा.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मार्गदर्शक मर्यादा घोड्यांसाठी अशी आहे: मक्यात फ्युमोनिसिन ५ पीपीएमपेक्षा (किलोमागे ५ मिलिग्रॅमपेक्षा) जास्त नको, आणि असा मका कोरड्या वजनाने एकूण आहाराच्या २० टक्क्यांहून जास्त नको. म्हणजे एकूण आहारात जेमतेम १ पीपीएम. हिशेब करून बघा. एक घोडा दिवसाला ७ किलो गवत आणि २ किलो चंदी खातो, त्यातला १ किलो मका. मक्यात २० पीपीएम निघालं तर घोड्याच्या पोटात रोज २० मिलिग्रॅम गेलं. ९ किलो आहारावर वाटलं तरी २.२ पीपीएम. दुपटीहून जास्त. तेही एक मूठ बुरशी डोळ्यांना न दिसता.

शेंगदाणा पेंड दुसरी. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले ते ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीने, आणि अफ्लाटॉक्सिनचा शोध तिथून लागला. आपल्याकडे १९७४ मध्ये बांसवाडा आणि पंचमहाल भागात पावसात भिजून बुरसलेला मका खाऊन शंभराहून जास्त माणसं दगावली. तेच अन्न खाणारी कुत्रीही वाचली नाहीत. अफ्लाटॉक्सिनचा हल्ला थेट यकृतावर असतो. कोवळ्या जनावरांच्या खाद्यासाठी त्याची मर्यादा २० पीपीबी धरतात, म्हणजे किलोमागे २० मायक्रोग्रॅम. घोड्यालाही तीच लावा. पावसाळ्याचे चार महिने शेंगदाणा पेंड कोठीत आणूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. प्रथिनासाठी चणा आहे, सोयाबीनची पेंड आहे.

गव्हाचा कोंडा ओलावा पटकन ओढतो, आणि धान्याच्या सालीवरची बुरशीविषं दळताना कोंड्यातच गोळा होतात. चणाचुनीचंही तसंच. जव आणि ओट त्या मानाने बरे, पण तेही कोरडे असतील तरच.

गवताकडे दुर्लक्ष होतं. ठाणे-पालघरकडचं गवत पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापलं जातं. जुलैत गव्हाणीत पडणारी गाठ आठ-नऊ महिने जुनी असते. गंजीचा तळचा थर जमिनीची ओल पितो. गाठ सोडून मधोमध उघडा, झटका द्या. पांढरा-राखाडी धुरळा उडाला, कुबट वास आला, पेंढ्या एकमेकींना चिकटून पाटीसारख्या सुटल्या तर ती गाठ घोड्याची नाही. गवतातल्या काड्याही बघा: वाळल्यावर आत बी खुळखुळणाऱ्या फुगीर शेंगा दिसल्या तर तो खुळखुळा आहे. त्यातलं विष बुरशीचं नसून झाडाचंच असतं, पण यकृत तेही निकामी करतं आणि ते नुकसान भरून येत नाही.

अंथरुणाचा भाताचा पेंढाही यात धरा. घोडा रात्री कंटाळला की अंथरूण खातो. चंदी बदलली, गवत बदललं, तरी आकडे उतरत नाहीत, तेव्हा हा पेंढाच कारण निघू शकतो. पावसाळ्यात लाकडाचा कोरडा भुसा वापरणं जास्त सुरक्षित.

मेमध्ये कोरडी असलेली गोणी जुलैत ओली का होते

पाणी न लागताही धान्य ओलं होतं. धान्य हवेशी ओलाव्याची देवाणघेवाण करत राहतं. हवेत ७० टक्के आर्द्रता असेल तर मका-जवात साधारण साडेतेरा टक्के ओलावा टिकतो; हवा ८५ टक्क्यांवर गेली की तोच दाणा हळूहळू १६ ते १८ टक्क्यांवर जातो. बुरशीला १४ च्या वर सगळं सोपं होतं. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये ८५ टक्के ही रोजची हवा आहे, आणि २८ ते ३२ अंश तापमान अ‍ॅस्परजिलसला अगदी मानवतं. म्हणून वाशीच्या दाणाबाजारातून मे महिन्यात तीन महिन्यांचा साठा भरून ठेवणं, जे स्वस्तात पडतं असं वाटतं, तेच या आजाराचं मूळ होतं.

ओलावा मोजायची घरची पद्धत: काचेची कोरडी बाटली, साधारण पाऊण लिटरची. तिच्यात तिसऱ्या हिश्श्यापर्यंत धान्य आणि वर दोन-तीन मोठे चमचे मीठ. झाकण लावून एक मिनिट हलवा, १५ मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर. चाचणी चांगली आहे, पण मुंबईत ती बहुतेक वेळा खोटी येते, कारण मीठच ओलं असतं. मीठ आधी तव्यावर दहा मिनिटं कोरडं भाजा, डब्यात बंद करून गार होऊ द्या, मग वापरा. बाटली न चिकटवता मोकळी राहिली याचा अर्थ फक्त ‘१५ च्या खाली’ एवढाच. आपल्याला हवा आहे १३ च्या खाली. त्यासाठी १०० ग्रॅम जाडसर दळलेलं धान्य पसरट भांड्यात घालून ओव्हनमध्ये १०५ अंशांवर चार-पाच तास ठेवा, दोनदा वजन केल्यावर फरक पडेनासा झाला की थांबा. जितके ग्रॅम घटले तितके टक्के ओलावा.

गोणीत हात कोपरापर्यंत घालून बघणं हीसुद्धा चाचणीच आहे. आतलं धान्य खोलीपेक्षा कोमट लागलं तर आत बुरशी किंवा सोंडे श्वास घेताहेत. ती गोणी त्याच दिवशी बाजूला.

बुरशी दिसत नाही म्हणून विष नाही, असं नसतं

बुरशी मरते, विष उरतं. उन्हात वाळवलं, भाजलं, शिजवलं तरी अफ्लाटॉक्सिन पुरतं मोडत नाही. ते पुरतं मोडायला २०० अंशांच्या बरंच वर तापमान लागतं आणि उकळतं पाणी १०० अंशांवर थांबतं. चणे शिजवून देणाऱ्यांना हे पटत नाही, पण शिजवलेल्या चंदीने वास जातो आणि नेमकी धोक्याची सूचना तेवढी नाहीशी होते. गूळ-काकवी घालून कुबट वास झाकणं त्याहून वाईट. घोडा चंदी नाकारतो ते त्याचं ऐकायला हवं.

उलटही खरं आहे: हिरवट दिसणाऱ्या प्रत्येक दाण्यात विष असेलच असं नाही. काळ्या प्रकाशाच्या (अतिनील) दिव्याखाली मका हिरवट-पिवळा चमकला तरी ती चमक अफ्लाटॉक्सिनची नसते, त्याच बुरशीच्या दुसऱ्या एका पदार्थाची असते. म्हणून प्रयोगशाळा लागते.

नमुना चुकीचा गेला तर अहवाल ‘स्वच्छ’ येतो आणि सगळे निर्धास्त होतात. विष सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं. एका गोणीतले चार-पाच दाणे भयंकर आणि बाकीचे साफ असं असतं. वरून ओंजळभर उचलून पाठवू नका. प्रत्येक गोणीच्या वरून, मधून, तळातून आणि भिंतीकडच्या कडेतून, एकूण १५-२० ठिकाणांहून थोडं थोडं घेऊन दोन-तीन किलो जमवा. सगळं एकत्र दळा, नीट मिसळा, चार भाग करून समोरासमोरचे दोन उचला, आणि त्यातलं किलोभर कागदी पिशवीत भरा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओला नमुना वाटेतच बुरसतो. उरलेलं फ्रिजमध्ये ठेवा. एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत अफ्लाटॉक्सिन आणि फ्युमोनिसिन दोन्ही मागा. नुसतं ‘बुरशी तपासा’ लिहिलं तर बुरशीचे ठिपके मोजून मिळतात, विषाचा आकडा मिळत नाही. महत्त्वाचं म्हणजे घोडा आजारी पडला तेव्हा जी गोणी चालू होती तिचा नमुना हवा. ती संपली असेल तर पिंपाच्या तळाची खरवड पाठवा.

खरी दुरुस्ती: पिंप, तोबरा, गव्हाण

पिंपाचा तळ बघितला नसेल तर आत्ता बघा. वरच्या चार बोटं कोरड्या जवाखाली, कडेच्या वळणात, हाताने खरवडल्यावर सुटणारा राखाडी, चिकट, गोळे झालेला थर असतो. कधी त्यात सोंड्यांची जाळी. दर आठवड्याला नवी गोणी जुन्यावर ओतली जाते, आणि जुलैतला तळ मे महिन्याचाच असतो. त्या तळाचं विरजण नव्या धान्याला लागतं. घोडा बरा होऊन पुन्हा आजारी पडण्याचं सर्वात साधं कारण हे आहे.

यावर उपाय दोन पिंपांचा. एक चालू, एक रिकामं. चालू पिंप पूर्ण संपल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. संपलेलं पिंप खरवडून, गरम पाणी आणि साबणाने धुऊन, मग एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी दहा मिनिटं ठेवून, पुन्हा स्वच्छ धुवा. आणि पूर्ण वाळू द्या. ऊन नसेल तर उलटं टांगून पंख्याखाली पूर्ण दिवस. ओलसर पिंपात धान्य भरणं हे न धुण्यापेक्षा वाईट.

हवाबंद झाकण चांगलं, पण आतलं धान्य १३ टक्क्यांच्या खाली असेल तरच. ओलं धान्य बंद केलं तर ते आपल्याच वाफेत घुसमटतं. तसंच ताडपत्रीचं: गोण्यांवर घट्ट प्लॅस्टिक टाकलं की रात्री पत्रा गार होतो, प्लॅस्टिकच्या आतून थेंब धरतात आणि वरचीच गोणी भिजते. प्लॅस्टिक खाली घाला, वर नको.

गोण्या फळ्यांवर, जमिनीपासून किमान १५ सेंटिमीटर वर, भिंतीपासून अर्धा मीटर दूर. ‘कोठी हवेशीर ठेवा’ हा सल्ला जुलैत उलटतो: पाऊस पडत असताना खिडकी उघडली तर बाहेरची ९० टक्क्यांची हवा आत येते. आर्द्रतामापक भिंतीला लावा. बाहेरपेक्षा आत जास्त असेल तेव्हाच खिडकी उघडा. छोटी, बंद करता येणारी खोली असेल तर आर्द्रता कमी करणारं यंत्र लावून ६५ टक्क्यांच्या खाली ठेवणं हा सर्वात भरवशाचा मार्ग आहे. सर्वात स्वस्त मार्ग म्हणजे कमी साठवणं: दहा घोड्यांना दिवसाला २५ किलो चंदी लागते, तर जून ते ऑक्टोबर एका वेळी ३०० किलोहून जास्त घेऊ नका, म्हणजे बारा दिवसांत साठा संपतो. पुराचं पाणी ज्या गोणीला लागलं ती वाळवून वापरायची नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस झाला. असा दिवस आला तर कोठी पहिल्या मजल्याच्या उंचीवर हवी.

तोबरा विसरू नका. जाड कापडाचा तोबरा, म्हणजे चंदी भरून तोंडाला बांधायची पिशवी, घोड्याच्या श्वासाने रोज ओला होतो, शिवणीत भिजलेला कोंडा बसतो, आणि जुलैत तो कधीच वाळत नाही. उलटा करून शिवणीला नाक लावा. आंबूस, कुबट वास आला तर घोडा तो वास रोज दोन वेळा, वीस-वीस मिनिटं श्वासात घेतोय. पावसाळ्यात तोबरा बंद करून रबरी टोपल्यात चंदी द्या, किंवा घोड्यामागे तीन तोबरे फिरते ठेवा. गव्हाणीचे कोपरे रोज संध्याकाळी खरवडायचे. चणे भिजवायचे ते एका वेळेपुरते. उरलेले सकाळपर्यंत आंबतात, ते टाका.

बाइंडर, टॉनिक आणि एक जीवघेणी चूक

बाइंडर म्हणजे विषाला पोटात धरून ठेवणारा पदार्थ. बेंटोनाइट जातीची माती अफ्लाटॉक्सिनला असं धरून ठेवते, हे खरं. पण फ्युमोनिसिनवर ती फारशी चालत नाही, आणि बहुतेक प्रयोग कोंबड्या-डुकरांवर झालेले आहेत. चांगल्या चंदीवर वरून संरक्षण म्हणून ठीक. वाईट चंदी वापरता यावी म्हणून नाही. धान्यावर प्रोपिऑनिक आम्लाची प्रक्रिया नवी बुरशी रोखते, झालेलं विष घालवत नाही.

पोल्ट्रीचं किंवा गुरांचं मिश्रण घोड्याला देऊ नका. त्यात मोनेन्सिन असू शकतं. कोंबड्यांना ते औषध आहे. घोड्यात वजनाच्या किलोमागे दोन-तीन मिलिग्रॅम हृदयाचे स्नायू मारायला पुरतात. एकाच दुकानातून, एकाच चमच्याने मापलेल्या पावडरींनीही असं घडू शकतं.

यकृताच्या टॉनिकांतलं लोह काढून टाका. घोड्याला गवतातूनच लागतं त्याहून जास्त लोह मिळतं आणि जास्तीचं थेट यकृतात साठतं.

सावरणाऱ्या घोड्याला काय द्यायचं

संशयित चंदी हळूहळू नाही, त्याच दिवशी बंद करा. हळूहळू बदलायचं असतं ते नव्या चंदीत जाताना, आठ-दहा दिवसांत. मधल्या काळात चांगलं सुकं गवत हाच मुख्य आहार, ४०० किलोच्या घोड्याला दिवसाला ७-८ किलो, चार-पाच वेळा थोडं थोडं. यकृत थकलेलं असताना लसूणघास आणि प्रथिनाचा भार कमी. थोडा जव, बीट पल्प (बीटचा सुका चोथा) मिळाल्यास उत्तम, चवीला गूळ चालतो. तेल ओतून वजन भरून काढायचा मोह टाळा. पांढऱ्या नाकाच्या घोड्याला दिवसा सावलीत ठेवा, हिरवा चारा बेताचा. वेदनाशामक, गुंगीची औषधं पशुवैद्यांना विचारल्याशिवाय नकोत. ती यकृतातूनच बाहेर पडतात.

चंदी बदलल्यावर आठवड्याभरात रक्त तपासलं आणि जीजीटी आणखी चढलेलं दिसलं तर घाबरून उपाय सोडू नका. सुधारणा सुरू झाल्यावरही ते आठवडा-दोन आठवडे वर जात राहू शकतं. जीएलडीएच आधी उतरतं, एएसटी मागून. दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात पुन्हा तपासा, पित्ताम्लांसकट. ती उतरत नसतील आणि अल्ब्युमिनही घसरत असेल तर यकृताचा तुकडा काढून तपासण्याबद्दल डॉक्टरांशी बोला.

बाजूला काढलेल्या गोण्या कचऱ्याशेजारी ठेवू नका. त्या कोणीतरी उचलतं आणि म्हशींच्या तबेल्यात, शेळ्यांपुढे किंवा कबुतरांना टाकतं. अफ्लाटॉक्सिन ब१ म्हशीच्या पोटात गेलं की दिवसाभरात एम१ होऊन दुधात उतरतं, आणि तेच दूध सकाळी आपल्या घरी येतं. गोणी फोडा, धान्यावर पाणी ओता, चुना आणि लीद कालवा, इतकं की कुणी हात लावणार नाही, आणि मग पुरा.